दिवा कोणी मालवला? : प्रेअरीतील ओस गावांविषयी

‘घोस्ट टाउन’ ह्या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘भुताचे गाव’ म्हटले तर ते मुलांच्या गोष्टीतले वाटते. ‘ओसाड गाव’ म्हटले तर शब्द अर्थाला पुरत नाही. आपल्या जुन्या महसुली दप्तरांत मात्र एक शब्द होता, ‘बेचिराख’. फारसीतील ‘चिराग’ म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लावायला कोणी उरले नाही ते बेचिराख गाव. पुढे ह्या शब्दात मराठी कानाला ‘राख’ ऐकू येऊ लागली आणि ‘बेचिराख होणे’ म्हणजे जळून भस्मसात होणे असा अर्थ रूढ झाला. मुळातल्या शब्दात आग नव्हती. तो कारकुनी नोंदीचा शब्द होता : गाव आहे, शीव आहे, नाव आहे, दिवा नाही.

हे दोन शब्द वाचनाच्या दोन रीती सुचवतात, असे आम्हांला वाटते. ‘घोस्ट टाउन’ म्हटले की गाव मेले आणि त्याचे भूत मागे उरले, एवढ्यानेच मन हळवे होते. मरणाचे कारण विचारण्याची निकड उरत नाही. ‘बेचिराख’ म्हटले की पुढचे प्रश्न आपोआप येतात. कोणत्या सालापासून? दिवा कशाने गेला? दुष्काळाने, साथीने, लढाईने, की सारावसुलीने? उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीतील ओस गावांवर गेल्या काही दशकांत पुष्कळ लिहिले गेले, त्याहून अधिक छायाचित्रे काढली गेली, आणि आपल्याकडे इंग्रजी साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांपर्यंत ही गावे कथा-कादंबऱ्यांतून पोचली. त्यांचे वाचन बहुधा पहिल्या रीतीने होते. ते दुसऱ्या रीतीने व्हावे, आणि तसे केले तर त्या प्रदेशाचे साहित्यही अधिक नीट कळते, हे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

प्रेअरी म्हणजे कॅनडातील आल्बर्टा, सॅस्कॅचवान आणि मॅनिटोबा ह्या प्रांतांच्या दक्षिण भागापासून खाली अमेरिकेतील दोन्ही डाकोटा, पूर्व मोंटाना, नेब्रास्का, कॅन्सस असा पसरलेला सपाट गवताळ मुलूख. तिथल्या ओस गावाचे चित्र आता ठरून गेले आहे. रंग उडालेले लाकडी घर, फुटक्या खिडक्या, आत एखादा मोडका पलंग, बाहेर कमरेइतके गवत, आणि वर चौकटीचा बहुतेक भाग व्यापणारे आकाश. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने जानेवारी २००८ च्या अंकात नॉर्थ डाकोटावर अशा धाटणीचा लेख छापला, मजकूर चार्ल्स बोडेन ह्यांचा, छायाचित्रे यूजीन रिचर्ड्स ह्यांची. त्यावर त्या राज्यात बराच गदारोळ झाला, राज्यपालांनीही नापसंती जाहीर केली. आम्ही अजून इथे राहतो आहोत, हा तक्रारीचा गाभा होता. पुढे काही वर्षांतच बाकन खडकांतील तेलापायी राज्याच्या पश्चिम भागाकडे माणसांची रीघ लागली. १९३० साली ६,८०,८४५ असलेली आणि नंतर कित्येक दशके त्या आकड्याच्या खालीच राहिलेली लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ७,७९,०९४ झाली. ‘हा प्रदेश मेला’ म्हणणारे आणि ‘आम्ही जिवंत आहोत’ म्हणणारे, दोघांकडेही आपापल्या बाजूचा पुरावा होता. पण ह्या वादात एक साधा प्रश्न मागे पडला : ही गावे मुळात तिथे का होती?

आपल्याकडे नदीचा काठ, घाटाची वाट, देवस्थान, किल्ल्याचा पायथा अशा कोणत्या तरी निमित्ताने वस्ती जमते आणि मग तिला नाव पडते. प्रेअरीत हा क्रम उलटा होता. अमेरिकेने १८६२ च्या आणि कॅनडाने १८७२ च्या कायद्याने वसाहतकऱ्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देऊ केली. कॅनडात नोंदणीचे शुल्क होते दहा डॉलर. काही वर्षे तिथे राहावे आणि जमीन लागवडीखाली आणावी, ही अट. मोजणीदारांनी सारा मुलूख चौरसांत आखला. मग लोहमार्ग आला. पिकलेला गहू घोडागाडीतून स्थानकावर घालायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचे, तर स्थानक फार दूर असून चालत नाही. म्हणून साधारण आठ ते दहा मैलांवर एकेक थांबा ठेवला गेला. थांब्याशी धान्य साठवून रेल्वेच्या डब्यांत ओतणारे उंच लाकडी कोठार, ज्याला तिकडे ‘एलिव्हेटर’ म्हणतात. त्याच्या आसपास दुकान, टपाल कचेरी, शाळा, चर्च, खाणावळ, लोहाराचा भाता. दोन गावांमधले अंतर अशा रीतीने घोड्याच्या दमावर ठरले.

नावांची गोष्ट तर साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी सॅस्कॅचवानमधून आपला मार्ग नेला, तेव्हा थांब्यांची नावे इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने ठेवली. फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना अशी ती एफ, जी, एच, आय ह्या अक्षरांनी पुढे सरकतात, झीना, यंग, झेल्मा अशी एक्स, वाय, झेडपर्यंत पोचतात, आणि त्यापुढे पुन्हा ‘ए’पासून आरंभ होतो. त्याच प्रांताच्या आग्नेय भागातील एका मार्गावर कवींची नावे दिली गेली : वर्ड्‌स्वर्थ, ब्राउनिंग, आणि कॅनडाचा स्वतःचा कवी लॅम्पमन. नैर्ऋत्येकडील रॉबसार्ट हे गाव वॉल्टर स्कॉटच्या ‘केनिलवर्थ’ कादंबरीच्या नायिकेचे, एमी रॉबसार्टचे, नाव घेऊन उभे राहिले. लॅम्पमन आजही नांदते आहे. वर्ड्‌स्वर्थ वस्तीपेक्षा नकाशावरच अधिक उरले आहे, आणि रॉबसार्ट हे पडक्या घरांची छायाचित्रे काढणाऱ्यांचे आवडते ठिकाण झाले आहे. ज्याने ही नावे दिली त्याच्यापुढे एक यादी होती आणि ती भरायची होती. तिथे राहायला येणारा माणूस अजून युक्रेनमध्ये, नॉर्वेत किंवा आँटेरिओत होता.

आता कोणी म्हणेल, की कोरड्या मुलखात माणसांनी भोळेपणाने घरे बांधली आणि निसर्गाने ती परत घेतली. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. निसर्गाविषयी सावध करणारे आवाज अगदी आरंभापासून होते. जॉन पॅलिसरच्या मोहिमेने १८५७ ते १८६० ह्या काळात पाहणी करून आजच्या दक्षिण सॅस्कॅचवान-आल्बर्टातील एक मोठा त्रिकोणी पट्टा शेतीला प्रतिकूल ठरवला होता. अमेरिकेत जॉन वेस्ली पॉवेल ह्याने १८७८ च्या अहवालात बजावले, की पश्चिमेकडील कोरड्या भागात १६० एकरांवर कुटुंब जगणार नाही; कुरणावर जगायचे तर २,५६० एकर लागतील. पण ओल्या वर्षांत फिरलेल्या जॉन मॅकून ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पॅलिसरचा पट्टाही सुपीक असल्याचा निर्वाळा दिला, आणि जमीन नांगरली की पाऊसमान वाढते असा सिद्धान्त अमेरिकेत गांभीर्याने मांडला गेला. रेल्वे कंपन्यांच्या जाहिरातपत्रकांना हाच सूर सोयीचा होता. जोनाथन राबन ह्यांच्या ‘बॅड लँड’ (१९९६) ह्या पुस्तकाचा मोठा भाग पूर्व मोंटानाच्या संदर्भात ह्या जाहिरातींच्या वाङ्मयाविषयी आहे. वाङ्मय हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो आहोत. ती पत्रके वाचूनच हजारो कुटुंबांनी आपले आयुष्य हलवले. कोणत्याही कादंबरीला इतके आज्ञाधारक वाचक मिळाले नसतील.

मग १९३० चे दशक आले. सलग दुष्काळ, टोळ, आणि नांगरलेली माती उचलून नेणारी वादळे. दक्षिणेकडील मैदानांवर १४ एप्रिल १९३५ रोजी भरदिवसा अंधार पडला, तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. ओस गावांची कथा सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. आमचा आक्षेप नेमका ह्या थांबण्याला आहे. सॅस्कॅचवानमधील शेतांची संख्या कमाल झाली ती १९३६ साली, म्हणजे दुष्काळाच्या ऐन मध्यावर. त्या वर्षी तिथे सुमारे १,४२,००० शेते होती. २०२१ च्या कृषिगणनेत ती सुमारे ३४,००० उरली. मधल्या पंचाऐंशी वर्षांत चांगले पाऊस झाले, विक्रमी पिके आली, आणि जमीन पूर्वीइतकीच कसली जात राहिली. दुष्काळाने माणसे गेली हे खरे; पण बरकतीच्या वर्षांत त्याहून अधिक गेली.

हे कसे घडले? ट्रॅक्टर आला, कापणी-मळणी एकत्र करणारे यंत्र आले, आणि एक माणूस दहा जणांची जमीन कसू लागला. मोटार-ट्रक आला आणि आठ मैलांवरचे कोठार अनावश्यक ठरले; तीस मैलांवरच्या मोठ्या कोठारात गहू तासाभरात पोचू लागला. १९३० च्या दशकात कॅनडाच्या तीन प्रेअरी प्रांतांत मिळून साडेपाच हजारांहून अधिक लाकडी कोठारे होती. आज त्यांतली फारच थोडी उभी आहेत, आणि मॅनिटोबातील इंग्लिस येथील पाच कोठारांची रांग तर राष्ट्रीय वारसा म्हणून जपावी लागली आहे. गव्हाच्या रेल्वेभाड्याला १८९७ च्या करारापासून ‘क्रो दर’ म्हणून जो आधार होता, तो १९८३ मध्ये सैल झाला आणि त्याच्या जागी आलेले अनुदानही १९९५ मध्ये बंद झाले. तोट्यातले रेल्वेफाटे उखडले गेले. शेतकऱ्यांनी १९२० च्या दशकात स्वतः उभारलेला ‘सॅस्कॅचवान व्हीट पूल’ हा सहकारी संघ १९९६ मध्ये शेअर बाजारात उतरला, २००७ मध्ये त्याचे ‘व्हिटेरा’ झाले, आणि २०१२ मध्ये ही कंपनी ‘ग्लेनकोर’ने विकत घेतली. सहकाराच्या रक्तावर वाढलेल्या मराठी वाचकाला ह्या वाक्यातील प्रत्येक पायरी वेगळी समजावून सांगण्याची गरज नसावी.

शाळांचे एकत्रीकरण झाले, मुले बसमधून दूरच्या गावी जाऊ लागली. १९९३ मध्ये सॅस्कॅचवान सरकारने ग्रामीण भागातील ५२ रुग्णालये एकतर बंद केली किंवा त्यांचे दर्जा कमी केलेल्या केंद्रांत रूपांतर केले. १९६२ मध्ये सार्वजनिक आरोग्यविमा आणून उत्तर अमेरिकेला वाट दाखवणारा प्रांत हाच, आणि तो विमा आणणाऱ्या पक्षाचाच वारसदार पक्ष १९९३ मध्ये सत्तेवर होता. प्रांतावर कर्जाचा डोंगर होता, हेही नमूद केले पाहिजे. ह्या प्रत्येक निर्णयामागे आकडे होते आणि ते आकडे बहुधा बरोबर होते. माणसे कमी झाली म्हणून शाळा बंद करायची. शाळा गेली म्हणून तरुण कुटुंबे उठायची. ती उठली म्हणून दुकान बंद पडायचे. दुकान नाही तर टपाल कचेरी कशाला? शेवटी गावाचे गावपण कायद्याने विसर्जित करून ते आसपासच्या ग्रामीण पालिकेत विलीन करायचे. दिवा एका फुंकरीने गेला नाही. तो प्रत्येक वेळी थोडा थोडा, सही-शिक्क्यानिशी मालवला गेला.

इथे एका रास्त प्रतिवादाला उत्तर देणे भाग आहे. गाव घोड्यासाठी वसले, घोडा गेला, गाव गेले. ह्यात शोक करण्याजोगे काय आहे? शिवाय ट्रक घेणारा शेतकरी गावातलाच होता. पन्नास मैलांवरच्या मोठ्या दुकानात स्वस्त किराणा घेणारी बाईही गावातलीच. मुलांनी सॅस्कटूनला किंवा रजायनाला जाऊन शिकावे ही इच्छा आईबापांचीच होती. हा युक्तिवाद आम्हांला बराचसा मान्य आहे, आणि ह्या कथेत एखादा खलनायक शोधणे व्यर्थ आहे हेही मान्य आहे. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की गाव सुरू करण्याचे कारण संपले. सुरू होण्याचे कारण आणि टिकण्याचे कारण एकच असावे, असा काही नियम नाही. चाळीस-पन्नास वर्षांत त्या थांब्यांवर लग्ने झाली, दफनभूमीत दगड उभे राहिले, बर्फावर खेळायचे मैदान गावकऱ्यांनी अंगमेहनतीने बांधले. रेल्वेच्या हिशेबात ह्यांतल्या कशाचाही स्तंभ नव्हता. हिशेब चुकीचा होता असे नाही; तो अपुरा होता, आणि अपुऱ्या हिशेबाची किंमत जे सर्वांत शेवटी उरले त्यांनी, म्हणजे बहुधा वृद्धांनी, मोजली.

सुरू होण्याचे आणि टिकण्याचे कारण वेगळे असू शकते ह्याचे उदाहरण कॅन्ससमध्ये आहे. गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी, मुख्यतः केंटकीहून येऊन, १८७७ साली निकोडेमस हे गाव वसवले. रेल्वे येणार ह्या आशेवर ते भरभराटले. १८८८ मध्ये मार्ग नदीच्या पलीकडून, काही मैल दूरवरून गेला. व्यापारी नव्या थांब्याकडे निघून गेले, आणि त्यानंतर गाव घटतच राहिले. शिरगणतीच्या दृष्टीने निकोडेमस केव्हाच संपले असे म्हणता येईल. पण तिथून गेलेल्यांचे वंशज दर उन्हाळ्यात मुक्तिदिनाच्या उत्सवासाठी तिथे परत येतात, आणि १९९६ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. कोकणातल्या बंद घरांची कुलपे गणपतीत कशी उघडतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला निकोडेमसला ‘भुताचे गाव’ म्हणवणार नाही.

आता साहित्याकडे वळू. प्रेअरीच्या साहित्यावर एक शिक्का बसलेला आहे, की ते विस्तीर्ण अवकाशाचे आणि एकाकी माणसाचे साहित्य आहे. ह्या शिक्क्याला आधार नाही असे नाही. ओले रोल्वाग ह्याच्या मूळ नॉर्वेजियन आणि १९२७ मध्ये इंग्रजीत आलेल्या ‘जायंट्स इन द अर्थ’ ह्या कादंबरीतील बेरेटला त्या मोकळेपणाचीच भीती वाटते, कारण त्यात आडोसा घ्यायला काही नाही. पण अवकाशाच्या पलीकडेही त्या साहित्याची नजर जाते. सिंक्लेअर रॉस ह्याच्या ‘अ‍ॅज फॉर मी अँड माय हाउस’ (१९४१) ह्या कादंबरीतले गाव पाहा. तिथल्या मुख्य रस्त्यावरील दुकानांना उंच खोट्या दर्शनी भिंती आहेत; मागे एकमजली खोपट, पुढे दुमजली थाट. कादंबरीच्या शेवटाकडे वादळ येते आणि ह्या भिंती पाडून टाकते. वर्गात हे प्रतीक म्हणून शिकवले जाते आणि पात्रांच्या ढोंगाशी जोडले जाते. ते योग्यच आहे. पण त्या भिंती प्रतीक होण्याआधी गुंतवणूकदाराला दाखवायची जाहिरात होत्या, हे सांगितले नाही तर प्रतीक हवेतच राहते. रॉस आयुष्यभर बँकेत नोकरी करत होता. कर्जाची खाती त्याने जवळून पाहिली होती, आणि त्याच्या दुष्काळी कथांतील माणसे निसर्गाइतकीच व्याजानेही वाकलेली आहेत.

वॉलेस स्टेग्नर ह्याचे ‘वुल्फ विलो’ (१९६२) ह्या बाबतीत अधिक उघड आहे. सॅस्कॅचवानमधील ईस्टएंड ह्या गावी त्याचे बालपण गेले, १९१४ ते १९२०. वडिलांनी युद्धकाळातील गव्हाच्या भावावर डाव लावला, तो फसला, कुटुंब निघून गेले. कित्येक वर्षांनी परतलेला लेखक आठवणींत रमतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. इतिहास, कथा आणि स्मृती असे तीन धागे तो एकत्र आणतो. त्याची खंत अशी, की लहानपणी शाळेत त्याला दूरदेशींचे सगळे शिकवले गेले, आणि ज्या जमिनीवर तो उभा होता तिथे त्याच्या आधी काय घडले हे कोणी सांगितले नाही. रॉबर्ट क्रोएच तर ‘सीड कॅटलॉग’ (१९७७) ह्या दीर्घकवितेत बियाण्यांच्या विक्रीसूचीलाच कवितेचे द्रव्य करतो. प्रेअरीवर गाव कसे उगवते, कवी कसा उगवतो, हे प्रश्न तो विक्रीच्या कागदाला विचारतो. दप्तर, खातेवही, सूची ही ह्या प्रदेशाची मूळ वाङ्मयीन रूपे आहेत हे त्याने ओळखले होते, असे आमचे मत आहे.

मात्र सर्वांत मोठी गळती ह्यांपैकी बहुतेक पुस्तकांत आणि जवळजवळ सगळ्याच छायाचित्रांत आढळते. ‘ओस पडलेली प्रेअरी’ म्हणताना आपण गृहीत धरतो की ती पहिल्यांदाच ओस पडली. गव्हाच्या आधी तिथे बायसनचे प्रचंड कळप होते आणि त्यांवर जगणारे लकोटा, क्री, ब्लॅकफूट आदी समाज होते. १८७० आणि १८८० च्या दशकांत कळप मारून संपवले गेले. कॅनडात चौथा करार १८७४ चा, सहावा १८७६ चा. त्यानंतरच्या उपासमारीत शिधा अडवून धरून मूळ रहिवाशांना लोहमार्गाच्या वाटेतून राखीव क्षेत्रांत कसे ढकलले गेले, ह्याचा लेखाजोखा जेम्स डॅश्चक ह्यांनी ‘क्लिअरिंग द प्लेन्स’ (२०१३) ह्या ग्रंथात मांडला आहे. अमेरिकेत १८८७ च्या कायद्याने राखीव जमिनींचे तुकडे पाडून ‘उरलेली’ जमीन वसाहतकऱ्यांना खुली केली. वर्णमालेप्रमाणे नावे देता आली, कारण आधीची नावे पुसली गेली होती.

‘नॅशनल जिऑग्राफिक’चा तो लेख आला त्याच वर्षी, २००८ मध्ये, लुईज अर्ड्रिक ह्या ओजिब्वे लेखिकेची ‘द प्लेग ऑफ डव्ह्‌ज’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीही नॉर्थ डाकोटाचीच कथा आहे. प्लूटो हे तिच्यातले काल्पनिक गाव राखीव क्षेत्राच्या कडेला वसलेले आणि आता विझत चाललेले. गावाची जागा आखायला निघालेल्या सट्टेबाजांची कडाक्याच्या हिवाळ्यातली मोहीम तिच्यात आहे; १९११ साली झालेले एका शेतकरी कुटुंबाचे हत्याकांड आणि त्यापायी जमावाने फासावर चढवलेले निरपराध मूळ रहिवासीही तिच्यात आहेत; आणि शेवटी गावाच्या इतिहास मंडळाची वृद्ध अध्यक्षा उरल्यासुरल्या नोंदी करत बसलेली आहे. मरणाऱ्या गावाविषयी कणव आणि त्या गावाच्या जन्माविषयीचा संताप ह्या दोन्ही गोष्टी एकाच कादंबरीत नांदू शकतात, एकीने दुसरीला गप्प बसवावे लागत नाही, हे अर्ड्रिक दाखवते. आम्ही ज्या वाचनाची मागणी करतो आहोत, त्याचा हा उत्तम नमुना आहे.

अर्थात दप्तराचे वाचन म्हणजे दप्तरावर विश्वास नव्हे. नेब्रास्कातील मोनोवाय ह्या गावात २०१० च्या जनगणनेत एकच रहिवासी नोंदला गेला होता. २०२० च्या जनगणनेत तिथे दोघे दाखवले गेले. प्रत्यक्षात दुसरे कोणी आलेच नव्हते. व्यक्तींची खाजगी माहिती उघड होऊ नये म्हणून जनगणना खात्याने छोट्या वस्त्यांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी भेसळ केली होती, आणि त्या गणिताने एक माणूस निर्माण केला. ओस गावात भूत शोधायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की प्रेअरीवरचे एकमेव खात्रीलायक भूत सरकारी तक्त्यात सापडले.

शेवटी आपल्या वाचकांसाठी, विशेषतः शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांसाठी, दोन शब्द. प्रेअरीतील ओस गावाविषयी वाचताना मराठी मनात आपल्या गावांचा गहिवर नकळत मिसळतो. त्यात एक फसगत आहे. आपले गाव पिढ्यान्‌पिढ्यांचे. तिथले पुष्कळसे गाव एका माणसाच्या आयुष्याहून अल्पायुषी. ज्याने लहानपणी शाळेची पायाभरणी पाहिली, त्यानेच म्हातारपणी तिला कुलूप लागताना पाहिले. ह्या दुःखाला प्राचीनतेची भरजरी शाल पांघरली तर ते खोटे होते. दुसरी गोष्ट अशी, की जे इतक्या थोडक्या काळात, इतक्या कागदोपत्री, उभारले आणि मोडले गेले, त्याची कारणे शोधता येतात. काळाचा महिमा म्हणून ती सोडून द्यावी लागत नाहीत. प्रेअरीचे एखादे पुस्तक अभ्यासाला घेताना त्याच्याशेजारी त्या भागाचा रेल्वेचा जुना नकाशा, जमीनवाटपाचा कायदा आणि मूळ रहिवाशांशी झालेला करार हेही ठेवावेत, एवढीच आमची सूचना आहे. वाचनाचा आनंद त्याने कमी होणार नाही. पडक्या घराच्या छायाचित्राकडे पाहताना, खिडकीत शेवटचा दिवा कोणत्या साली लागला आणि त्याआधी त्या जागी कोणाची चूल पेटत होती, हे विचारण्याची सवय मात्र लागेल.